ॲन आर्बरचा वस्ताद

"त्या साली आमच्याकडं नवा वस्ताद आला," ही काकांची ठरलेली सुरुवात.

त्यावर आजोबांचा प्रश्नही ठरलेला. "आमच्याकडं म्हंजे कुठं रं?"

"ॲन आर्बरला."

"मग तसं म्हण की. आमच्याकडं म्हंजे कोल्हापुरात."

एवढं झालं की आजोबा तक्क्याला टेकायचे, आम्ही पोरं चटईवर सरकून जागा करायचो आणि सोप्यातला दिवा बारीक व्हायचा. काका दर दोन-तीन वर्षांनी डिसेंबरात अमेरिकेतून येत. येताना चॉकलेटं आणत आणि ही गोष्ट आणत. चॉकलेटं दोन दिवसांत संपायची. मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून चालत पाच मिनिटांवर वाढलेली मी, पण बो शेम्बेक्लर हे नाव मला हिंदकेसरी खंचनाळ्यांच्या आधी पाठ झालं होतं. हे बाहेर सांगायची आम्हाला बंदी होती.

काका १९६९च्या ऑगस्टमध्ये मिशिगन विद्यापीठात मेकॅनिकलचं पुढचं शिक्षण घ्यायला गेले. माणूस चंद्रावर उतरून महिना झाला होता. सांगलीच्या वालचंद कॉलेजची पदवी, खिशात सरकारनं मंजूर केलेले आठ डॉलर आणि आजीनं दिलेला कांदा-लसणीच्या चटणीचा डबा. राहायला एका म्हाताऱ्याच्या घरातली माडीवरची खोली मिळाली. म्हातारा सत्तरीचा, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. काका त्याला शेवटपर्यंत 'मालक' म्हणाले आणि मीही तेच म्हणते.

मालकांकडे मिशिगनच्या फुटबॉल सामन्यांची दोन हंगामी तिकिटं होती. एक त्यांचं, एक बायकोचं. बायको गेल्यावरही ते दोन्ही तिकिटं घेत होते आणि शेजारच्या जागेवर तिची लोकरीची उशी ठेवून सामना बघत होते. सप्टेंबरातल्या एका शनिवारी त्यांनी काकांना हाक मारली, उशी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, चल.

"फुटबॉल म्हटल्यावर मी आपला समजलो, शाहू स्टेडियमवर असतो तसला," काका सांगायचे. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं वेडं गाव, पेठापेठांचे संघ, त्यामुळे काकांना वाटलं आपल्याला काय शिकवायचं. तिथं बघतात तर चेंडू लांबट, लिंबासारखा दोन्हीकडं टोकदार, आणि तो हातात धरून पळायचं. अकरा जण इकडं, अकरा तिकडं, समोरासमोर वाकून बसायचे, चेंडू मागं दिला की एकमेकांवर तुटून पडायचं आणि पाच-सहा सेकंदांत सगळं थांबायचं. पुन्हा बसायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलात तर चेंडू तुमच्याकडं, नाही तर दुसऱ्याकडं. आजोबांना हे समजावताना काका सोपं करून सांगायचे, "कुस्तीच हाय दादा. बावीस जणांची, आणि मध्ये नारळ."

"माती?"

"माती न्हाई. गवतबी न्हाई. त्याच साली प्लास्टिकचं गवत अंथरलेलं."

"म्हंजे गादीवरची," आजोबा तोंड वाकडं करून म्हणायचे. मातीवर वाढलेल्या माणसाला गादीवरची कुस्ती म्हणजे पाण्यात न भिजता पोहणं.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत व्हायचं. मिशिगनचं स्टेडियम जमिनीत खोदलेलं आहे. तेव्हा बाहेरून गेलं तर बसकी भिंत दिसायची, एवढ्याशा जागेत लाख माणूस मावतं यावर विश्वास बसायचा नाही. दारातून आत पाऊल टाकलं की आपण एकदम काठावर उभे असतो आणि पायाखाली रांगांवर रांगा उतरत खाली हिरव्या तुकड्यापर्यंत गेलेल्या असतात. काकांना पहिल्याच दिवशी तिथं खासबाग दिसली. शाहू महाराजांनी बांधलेलं आमचं मैदानही असंच, वाडग्यासारखं. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली बसायची जागा, कुठंही बसा, पैलवानाची लांघ दिसते. "परदेशात पहिल्यांदा मला घरच्यासारखं वाटलं ते त्या खड्ड्यात," हे वाक्य काका कधी चुकवत नसत.

मालकांच्या स्वतःच्या गोष्टी वेगळ्या. त्यांचे वडील त्यांना फील्डिंग योस्टच्या गोष्टी सांगत. योस्टही १९०१मध्ये नवाच कोच म्हणून आला आणि त्या पहिल्या हंगामात त्याच्या संघानं ११ सामन्यांत ५५० गुण केले. समोरच्या सगळ्या संघांनी मिळून किती केले? शून्य. लहानपणी मला ही निव्वळ थाप वाटायची. पुढं त्याच योस्टनं १९२७मध्ये हे स्टेडियम बांधून घेतलं. जागा ओलसर, खाली झरे. खोदताना एक अख्खी क्रेन चिखलात रुतली, ती काढता येईना म्हणून वर तसंच बांधकाम केलं, ती अजून खाली आहे. हे मालक शपथेवर सांगत. उद्घाटनाच्या सामन्याला ते स्वतः हजर होते. समोर ओहायो स्टेट, मिशिगन २१-० जिंकलं. ओहायोच्या कोलंबस शहरात १९५०मध्ये झालेल्या हिमवादळातल्या सामन्यालाही ते म्हणे गेले होते. यार्डांच्या रेघा बर्फाखाली गडप झालेल्या, मिशिगनला सबंध सामन्यात एकदाही दहा यार्ड सरकता आलं नाही, तरी ते ९-३ जिंकले. (त्या सामन्याला गेलो नव्हतो असं कबूल करणारा त्या वयाचा मिशिगनकर भेटणं अवघड असावं. आमच्याकडंही खंचनाळ्यांची दिल्लीतली कुस्ती प्रत्यक्ष बघितलेली माणसं पेठेत गल्लीगणिक आहेत.)

पण त्या बर्फानं एक गोष्ट केली. हरलेल्या ओहायोच्या कोचनं राजीनामा दिला आणि त्याच्या जागी वुडी हेज आला. हेज म्हणजे जमदग्नी. मिशिगनचं नावसुद्धा तोंडानं घ्यायचा नाही, 'ते वरचं राज्य' म्हणायचा. १९६८च्या नोव्हेंबरात त्याच्या संघानं मिशिगनला ५०-१४ असं झोडपलं. शेवटी शेवटी सामना कधीच खिशात असताना, ठरलेला एक गुण सोडून त्यानं दोन गुणांसाठी प्रयत्न केला. तो फसला. दोनच का, असं नंतर विचारल्यावर, तीन मिळत नाहीत म्हणून, असं तो बोलल्याचं सांगतात. तो खरंच तसं म्हणाला का, यावर तिकडे अजून वाद घालतात. मिशिगनच्या माणसाला मात्र तसा वाद घातलेला चालत नाही.

त्यानंतर मिशिगननं नवा कोच नेमला तो हेजचाच पठ्ठा. बो शेम्बेक्लर ओहायोचा, हेजच्याच हाताखाली कॉलेजात खेळलेला, पुढं ओहायो स्टेटला पाच वर्षं त्याचा साहाय्यक, मग ओहायोतल्याच मियामी विद्यापीठात मुख्य कोच. वय चाळिशीला टेकलेलं. ॲन आर्बरमध्ये लोक एकमेकांना विचारत होते, कोण हा बो?

इथं आजोबा सरसावून बसायचे. गोष्ट आता त्यांच्या प्रांतात आलेली असायची. "वस्ताद सगळं शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. हेजनं कुठला राखला व्हता?"

काकांचं उत्तर दर खेपेला बदलायचं. मला आवडायचं ते असं, की हेजनं काहीच राखलं नव्हतं, म्हणून तर पुढचं झालं.

बोनं वसंतातच सराव सुरू केला आणि पोरं पळायला लागली. मैदानात नव्हे, संघ सोडून. हातात मोजपट्टी घेऊन तो फिरायचा आणि चुकणाऱ्याला ती बसायची. खेळाडूंच्या खोलीत त्यानं एक पाटी लावली होती: जे टिकतील ते विजेते होतील. एके दिवशी एक पोरगा सामान आवरून निघाला आणि जाता जाता पाटीखाली खरडून गेला, आणि जे जातील ते डॉक्टर, वकील आणि कारखानदार होतील. ही गोष्ट बो स्वतःच पुढं हसून सांगत असे.

काका हे सांगताना हसायचे आणि आजोबा हसायचे नाहीत. का, ते मला फार उशिरा कळलं. काका पंधरा वर्षांचे होईपर्यंत पेठेतल्या तालमीत जात होते. आजोबांनी त्यांना पैलवान करायचं ठरवलं होतं. पहाटे साडेतीनला उठून जोर-बैठका, मग लढती, वर दूध-बदामाचा खुराक. बाबा सांगतात, धाकट्याच्या अंगात कस होता. १९६१च्या पावसाळ्यात एका सकाळी काका तालमीला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत. आजोबांनी विचारलं, काकांनी काहीतरी सांगितलं, आजोबांनी पुढं आठ महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. काय सांगितलं होतं ते बाबांना माहीत नाही, आणि आजीला माहीत असेल तर ती ते घेऊन गेली.

तर हंगाम. पहिले दोन सामने मिशिगननं सहज मारले. तिसऱ्यात मिसूरीनं मिशिगनच्याच मैदानावर ४०-१७ असं लोळवलं. परड्यूला हरवलं. मग शेजारच्या मिशिगन स्टेटकडून २३-१२ हार. त्याच आठवड्यात, १५ ऑक्टोबरच्या रात्री, ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोठी सभा झाली. मालकांनी काकांना तिकडं न जायची ताकीद दिली होती, व्हिसावरच्या माणसानं गर्दीत जाऊ नये म्हणून. काका गेले, मागं उभे राहिले आणि आल्यावर त्यांनी मालकांना वरण-भात करून घातला.

पाचपैकी दोन हरले म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. सहाव्या सामन्यात मिनेसोटात मध्यंतराला पुन्हा पिछाडी. आणि तिथून काय झालं कुणास ठाऊक, ३५-९. मग ३५-७, ५७-०, ५१-६. चार सामन्यांत १७८ गुण केले आणि २२ दिले. मालक जेवताना योस्टचं नाव घ्यायला लागले.

२२ नोव्हेंबर. ओहायो स्टेट सलग २२ सामने जिंकून आलेलं, देशात पहिल्या नंबरवर. त्यांना जिंकूनही पुढं कॅलिफोर्नियात रोझ बोलच्या सामन्याला जायला मिळणार नव्हतं, कारण त्यांच्या गटातला संघ लागोपाठ दोन वर्षं तिथं जाऊ शकत नसे. ते फक्त मिशिगनला चिरडायला आले होते. आठवडाभर बोनं सरावात समोरच्या बाजूनं खेळणाऱ्या आपल्याच पोरांना ५० आकड्याचे सदरे घालायला लावले. गेल्या वर्षीचे पन्नास गुण, दिवसभर डोळ्यांसमोर. "आमच्याकडं असतं तर पोरानं दुधाचा पेला फेकून मारला असता," आजोबा म्हणायचे, पण आवाजात कौतुक असायचं.

आणि मग काका उभे राहायचे. सोप्यात उभं राहून, चादरीची गुंडाळी काखेत मारून, बॅरी पियर्सन व्हायचे. ओहायोनं लाथाडलेला चेंडू पियर्सननं झेलला आणि साठ यार्ड धावत त्यांच्या दारात नेऊन ठेवला. काका सोप्याच्या या टोकापासून उखळापर्यंत धावायचे. त्यांच्या गोष्टीत ही धाव शेवटच्या मिनिटाला असायची. सामना बरोबरीत, लाख माणूस उभं, घड्याळात एक मिनिट, आणि पियर्सन सुटला. मिशिगन २४, ओहायो १२. आम्ही टाळ्या वाजवायचो.

काही वर्षांपूर्वी या लेखासाठी म्हणून मी त्या सामन्याची जुनी वर्णनं मिळवून वाचली. भीत भीतच, कारण थापा उघड्या पडतील अशी खात्री होती. झालं उलटंच. ज्या ज्या गोष्टी मला खोट्या वाटल्या होत्या त्या सगळ्या खऱ्या निघाल्या. योस्टचे ५५० विरुद्ध शून्य खरे. माणसं १,०३,५८८, खरी. मिशिगननं ओहायोचे सहा पास मध्येच पकडले, त्यातले तीन एकट्या पियर्सननं, खरं. काकांनी कधी न सांगितलेलंही एक मिळालं. ओहायोनं दुसऱ्यांदा गोल रेषा ओलांडल्यावर एक गुण मिळवला होता. मिशिगनच्या चुकीमुळं पुन्हा संधी मिळाली तर हेजनं तो हातातला गुण सोडून याही वर्षी दोनसाठी हात घातला. याही वर्षी फसला.

खोटी निघाली ती एकच गोष्ट, शेवटचं मिनिट. सामन्यातले सगळे गुण पहिल्या अर्ध्यातच झाले होते. पियर्सनची धावही तेव्हाचीच. मध्यंतराला २४-१२ आणि सामना संपताना २४-१२. उत्तरार्धात दोन्ही बाजूंना काही म्हणजे काही नाही.

मी काकांना फोन लावला.

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "पोरी, दुसऱ्या अर्ध्यात मला कुठं काय दिसलं?"

काकांची उंची पाच फूट तीन इंच. मध्यंतरानंतर सगळं स्टेडियम उभं राहिलं ते खाली बसलंच नाही. समोर सहा-सहा फुटी पाठींची भिंत. मालकांचे गुडघे गेलेले, त्यांना उभं राहवेना. तेव्हा हे दोघं साठाव्या रांगेत बसून राहिले, मांडीवर एक घोंगडी, दोघांत एक थर्मास. मालकांकडं खिशातला ट्रान्झिस्टर होता, तो कानाला लावून ते ऐकत आणि वाकून काकांच्या कानात सांगत. लाख माणसांच्या मधोमध बसून काकांनी तो सामना असा कानानं बघितला. समालोचक बोलायचा, मालक सांगायचे, आणि भोवतीची गर्जना त्याच्या आधी येऊन गेलेली असायची. शेवटी माणसं कुंपण ओलांडून मैदानात उतरली तेव्हा समोर मोकळं झालं. मालक रडत होते. बायकोची उशी त्यांनी छातीशी धरली होती.

"हे का नाही सांगितलंत कधी?"

"ह्यात धावायचं कुठं?" काका म्हणाले.

पुढचं सगळं ते भरभर उरकायचे, मीही उरकते. नववर्षाच्या दिवशी पॅसाडेनात रोझ बोल, आणि सामन्याच्या तोंडावर बोला हृदयविकाराचा झटका. संघ मैदानात, वस्ताद दवाखान्यात. साहाय्यकानं सामना सांभाळला, हरले १०-३. बो वाचला. पुढची नऊ वर्षं धरून गुरू-शिष्याची झुंज दहा वर्षं चालली. पाच शिष्यानं जिंकले, चार गुरूनं, एक बरोबरीत. १९७८च्या अखेरीला एका सामन्यात हेजनं समोरच्या संघाच्या खेळाडूला ठोसा मारला आणि नोकरी गमावली. बो १९८९पर्यंत राहिला. मिशिगनचे १९४ विजय त्याच्या नावावर आहेत. रोझ बोलला दहादा गेला, दोनदाच जिंकला. २००६मध्ये तो गेला, तोही मिशिगन-ओहायो सामन्याच्या आदल्या दिवशी. त्या रात्री काकांचा फोन आला तेव्हा आमच्याकडं पहाट होती आणि बाबांना वाटलं घरातलंच कुणी गेलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

२०२१मध्ये मिशिगनच्या एका माजी डॉक्टरबद्दलचा अहवाल बाहेर आला. मेलेला माणूस, पण कित्येक दशकं विद्यापीठात काम केलेला, फुटबॉल संघाचाही डॉक्टर. तपासणीच्या नावाखाली त्यानं पोरांवर केलेले अत्याचार सांगायला शेकडो माणसं पुढं आली. बहुतेक आता आजोबा झालेली. पुढच्या जानेवारीत विद्यापीठानं हजारावर तक्रारदारांसाठी ४९ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पण त्याआधी, जूनमध्ये, बोचा दत्तक मुलगा पत्रकारांसमोर बसला. तो म्हणाला, त्या डॉक्टरनं माझ्याशी ते केलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मी घरी सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं नाही. साल १९६९. बोच्या घरातल्या दुसऱ्या माणसांनी हे नाकारलं, बोला माहीत असतं तर तो गप्प बसलाच नसता असं ते म्हणाले. बो हयात नाही. त्याचा पुतळा आहे.

मी काकांना विचारायचं टाळलं. त्यांनीच महिन्याभरानं विषय काढला, तोही आडून. म्हणाले, "ती पाटी आठवते का तुला? जे टिकतील त्यांची?" मी म्हटलं, हो. "खाली लिहून गेलेल्या पोराला कुणी विचारलं असंल का गं, का चाललास म्हणून?" मग भाजीचे भाव विचारून त्यांनी फोन ठेवला. १९६१च्या पावसाळ्याबद्दल मी त्यांना विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही म्हणा. तालमीची ती इमारत आता पडली, जागेवर दुकानं आहेत.

तेव्हापासून काकांनी ती गोष्ट सांगितलेली नाही. आमची धाकटी पिढी मागायलाही येत नाही म्हणा, त्यांना फोनवर हवं ते दिसतं.

परवा माझा बारा वर्षांचा मुलगा क्रिकेटच्या शिबिराला जायचं नाही म्हणून हटून बसला. तीन महिन्यांचे पैसे भरलेले. मी चिडले, त्याचे बाबा चिडले, पोरगं भिंतीकडं तोंड करून बसलं. तेवढ्यात काकांचा व्हिडिओ कॉल आला. मी म्हटलं, तुम्हीच सांगा ह्याला चार गोष्टी, टिकून राहायच्या. आणि फोन त्याच्या हातात दिला.

"का रे बाळा," एवढंच काका म्हणाले.

मुलगा आधी काही बोलेना. मग बोलायला लागला. मी स्वयंपाकघरातून पोळ्या लाटता लाटता बघत होते. काकांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही व्हिडिओ कॉल कसा धरायचा ते कळत नाही, फोन कानालाच लावतात. वीस मिनिटं पडद्यावर नुसता त्यांचा कान दिसत होता.